तारेची सहा वेटोळी

बेळगावात आमचं घरांवर, गिरण्यांवर सोलर बसवून द्यायचं छोटं काम आहे. मी आणि माझा धाकटा दीर, दोघं भागीदार. तो गिऱ्हाईक आणतो, वीज कंपनीच्या ऑफिसात कन्नडमधले अर्ज भरतो आणि त्यासाठी चार-चार खेटे घालतो. मी सामान, माणसं आणि याद्या बघते. माझ्या याद्यांची घरीदारी चेष्टा होते. मला त्याचं काही वाटत नाही. छपरावर चढल्यावर दहाचा पाना खालीच राहिला म्हणून ज्याची अर्धी दुपार गेली आहे, तो यादीला हसत नाही.

आमच्याकडचा सगळ्यात जुना माणूस म्हणजे अण्णा. वय अठ्ठावन्न. मूळचे निपाणीचे, आई-वडील तंबाखूच्या वखारीत राबलेले. अण्णा सोळाव्या वर्षी बेळगावात आले आणि खडेबाजाराच्या मागच्या बोळात एका दुकानात मोटारी भरायला शिकले. जळलेल्या मोटारीतली तार उपसून काढायची आणि नवी तार वेटोळ्यानं वेटोळं भरायची, हे काम त्यांनी पंचवीस वर्षं केलं. पंपाच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, फुटकळ म्हणून ट्यूबलाइटचे चोक. पुढं नव्या मोटारी स्वस्त झाल्या, जळकी भरून घ्यायला कुणी येईना, तेव्हा ते आमच्याकडं वायरमन म्हणून आले. त्यालाही आता सतरा वर्षं झाली.

त्यांचं काम बघत बसावं असं. प्रत्येक तारेला खूण, प्रत्येक वळण सारखं. दोन गोष्टी ते कधी मोडत नसत. एक, प्लस आणि मायनसच्या तारा कधी जवळून न्यायच्या नाहीत. एका कारखान्याच्या पत्र्यावर दोन तारा एकमेकींना घासून पेटलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. "सख्खे भाऊ हायत ते, ताई. एका ताटात जेवाय बसवलं की भांडणार." म्हणून प्लस छपराच्या या कडेनं आणि मायनस त्या कडेनं.

दुसरी गोष्ट, उरलेली तार कापायची नाही. चार-सहा मीटर जी काही उरेल ती गोल गुंडाळायची, तीन ठिकाणी बांधायची आणि लोखंडी अँगलवर अडकवून ठेवायची. हे त्यांच्या दुकानातल्या उस्तादाचं शिक्षण. तार कापली की संपली. उद्या काही सरकवायचं झालं तर जोड द्यावा लागतो, आणि जोड म्हणजे दुखणं. त्यांचं खरंही ठरलं होतं. उचगावात एका घरमालकानं वर्षभरात खोली वाढवली, इन्व्हर्टर दुसऱ्या भिंतीवर न्यावा लागला, आणि अण्णांच्या त्या वेटोळ्यामुळं एकही जोड न देता तार पुरली. तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाला दाखवायच्या फोटोंत मी त्या वेटोळ्यांचाही एक फोटो ठेवत असे. चुडा भरल्यासारखी एकसारखी दिसायची ती.

गेल्या वर्षी नव्या पद्धतीचं सामान आलं. पूर्वी छपरावरचे पॅनेल माळेसारखे जोडायचे, माळेच्या दोन तारा खाली आणायच्या आणि भिंतीवरच्या इन्व्हर्टरला द्यायच्या. कुठला पॅनेल मागं पडतोय ते कळायचं नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक पॅनेलच्या पोटाशी एक छोटा डबा असतो. तो पॅनेलची वीज हवी तशी बदलून पुढं ढकलतो, आणि ते करता करता त्याच तारेवरून निरोपही धाडतो: मी अमुक नंबरचा, आत्ता एवढी वीज देतोय, एवढा तापलोय. निरोपाला वेगळी तार नाही. आपल्या मोबाइलवर प्रत्येक पॅनेलचा एक चौकोन दिसतो, चालू असला की हिरवा, बंद असला की राखाडी. उलट बाजूनं इन्व्हर्टरसुद्धा वर सतत एक निरोप सोडत असतो: मी आहे, चालू दे. हा निरोप ऐकू आला नाही की डबा आपला पॅनेल बंद करून टाकतो. खाली आग लागली, मेन स्विच पाडला, तर छपरावर चढलेल्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ही सोय.

मी हे अण्णांना समजावलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हंजी आपली निपाणीची बस की. मानसं बी नेतीया आन् ड्रायव्हरकडं दिल्याला जेवणाचा डबा बी."

"डबा पोचला नाही तर ही बस बंद पडते, एवढाच फरक."

"मग डबा जपायला पायजे म्हना."

सामानाबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तिका आली होती. अण्णांचं इंग्रजी डब्यावरची अक्षरं लावण्यापुरतं. म्हणून नेहमीसारखी ती पुस्तिका मी वाचली आणि त्यांच्यासाठी मराठीत एकेचाळीस कलमांची यादी केली. अण्णा ती खिशात घालून काम करत आणि झालेल्या कलमावर पेन्सिलीनं बरोबरची खूण करत. सतरा वर्षांत माझ्या यादीतलं एक कलम त्यांनी सोडलेलं मला आठवत नाही.

नव्या पद्धतीचं तिसरं काम निपाणीच्या अलीकडं एका गावात मिळालं. तिथं बायकांची दूध संस्था आहे. सकाळ-संध्याकाळ दूध गोळा होतं, मोठ्या टाकीत थंड होतं, मग टँकर येतो. टाकीच्या कॉम्प्रेसरला दिवसा सोलर पुरावं, वीज गेली तर जनरेटर लावावा लागू नये, असा त्यांचा हिशेब. तीस पॅनेल, दहा-दहाच्या तीन माळा, आणि वीज गेली तरी चालणारा इन्व्हर्टर. संस्थेच्या अध्यक्ष म्हणजे साठीच्या, काटक, नऊवारीतल्या बाई. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं, मीही म्हणू लागले. अण्णांनी काम चार दिवसांत केलं. आक्कांनी छपरावर चढून, पदर खोचून, एकेक बोल्ट हातानं हलवून बघितला. "घट्ट हाय," म्हणाल्या. पंधरा दिवस सगळं व्यवस्थित चाललं, कारण ते पंधरा दिवस कॉम्प्रेसर दुरुस्तीला गेला होता.

कॉम्प्रेसर परत आला आणि दुसऱ्या दिवशी आक्कांचा फोन.

"म्याडम, तुमचं सोलर आमच्या थोरल्या जावंवानी हाय बघा. काम न्हाय तवा टकाटका जागं. काम निघालं की झोपतंय."

तसंच होतं. कॉम्प्रेसर सुरू झाला की मिनिटाभरात मोबाइलवरचे हिरवे चौकोन एकेक करून राखाडी व्हायचे. तिसांतले वीस जायचे, कधी तीसच्या तीस. कॉम्प्रेसर थांबला की थोड्या वेळानं परत हिरवे. दुपारी गावाची वीज गेली की जनरेटर लावण्यावाचून इलाज नाही, म्हणजे सोलर असून नसल्यासारखं.

मी यादी केली आणि आम्ही तपासत गेलो. अर्थिंग, कनेक्टर, फ्यूज, कॉम्प्रेसरची तार, पॅनेलखालची तार उंदरांनी कुरतडली का ते. अण्णांनी साठच्या साठ कनेक्टर उघडून पुन्हा बसवले. तीन आठवड्यांत आम्ही सहा वेळा तिथं गेलो. दर वेळी अण्णा छपरावर, मी खाली मोबाइल धरून, आणि दर वेळी कॉम्प्रेसर सुरू केला की चौकोन राखाडी.

दूध घालायला आलेल्या बायका उभ्या राहून बघायच्या. एक दिवस एकीनं हळू आवाजात, पण ऐकू जाईल असं विचारलं, "ह्ये म्हातारं मोटारी भरत हुतं न्हवं बेळगावात? त्येला ह्यातलं काय कळतंय गं?"

अण्णा जिना उतरत होते. त्यांनी ऐकलं. खाली येऊन हात धुतले आणि मला म्हणाले, "चहा घ्यायचा का न्हाय, ताई?"

सहाव्या फेरीनंतर आक्कांनी माझ्या दिराला फोन केला. अण्णांना परत आमच्या छपरावर पाठवू नका, शिकलेलं माणूस पाठवा, असं सरळ सांगितलं. दीर आमच्या दुकानात आला तो ठरवूनच आला होता.

"वहिनी, पुढची तीनही कामं नव्या सामानाची आहेत. त्यांना कोल्हापूरची टीम बोलावतो. अण्णांना आता गोडाऊनला बसवू. पगार तोच ठेवू, सावली आहे, पंखा आहे. वयाच्या मानानं बरंच आहे ते."

"दुखणं काय आहे ते अजून कळलेलं नाही," मी म्हटलं.

"शनिवारपर्यंत बघा. सोमवारी कोल्हापूरवाल्यांना होकार द्यायचाय."

अण्णा दाराशी ड्रिलच्या वायरी गुंडाळत होते. दीर गेल्यावर आत आले. "गोडाऊनला काय करायचं असतंय, ताई?"

"सामान मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं."

"म्हंजी स्क्रू वाटत बसायचं." मग म्हणाले, "गुडघं बरं हायत माझं. शिडीवर हात सोडून हुबा ऱ्हातो मी. दावू का?"

"मला नको दाखवायला, अण्णा. मला माहीत आहे."

तो मंगळवार होता. बुधवारी मी सामान बनवणाऱ्या कंपनीच्या बेंगळुरूच्या इंजिनिअरला चौथ्यांदा फोन केला. तो कन्नडमध्ये बोलतो, मी कन्नडात सुरू करते आणि अडले की हिंदीत जाते. त्याचं एकच म्हणणं होतं, वायरिंगमध्ये दोष आहे, वायरमन बदला. मला राग आला. मी म्हटलं, आमच्या वायरमनचं काम बघायचंय का तुम्हाला? आणि होते नव्हते ते सगळे फोटो त्याला धाडले. भांडणासाठीच धाडले म्हणा ना.

गुरुवारी सकाळी, मी भाकरीचं पीठ मळत असताना त्याचा फोन आला. आवाज एकदम मऊ. मॅडम, त्या अँगलवर लटकवलेल्या तारेच्या गोल चकत्या आहेत, त्या कशासाठी? मी सांगितलं. तो म्हणाला, सापडलं.

त्यानं सांगितलेलं मी माझ्या शब्दांत सांगते. तारेचं वेटोळं केलं की त्यातून सरळ वाहणारी वीज बिनतक्रार जाते. पण निरोप म्हणजे विजेचं फार जलद थरथरणं, आणि वेटोळं नेमकं त्या थरथरीलाच अडवतं. लोखंडावर टांगलं तर जास्तच. तीन माळांच्या सहा तारा, सहा वेटोळी. इन्व्हर्टरचा निरोप त्या वेटोळ्यांतून वर जाईपर्यंत क्षीण व्हायचा. एरवी शांतता असली की तेवढाही ऐकू यायचा. कॉम्प्रेसर सुरू झाला की त्याचा गोंगाट तारांवर उतरायचा आणि निरोप त्यात बुडायचा. पॅनेलना वाटायचं, खाली कुणी नाही. ते झोपायचे.

प्लस आणि मायनस एकत्र नेल्या असत्या, एकत्र गुंडाळल्या असत्या, तरी एवढं बिघडलं नसतं, असंही तो म्हणाला. पुस्तिकेत लिहिलंय की तसं.

पिठाचे हात धुऊन मी पुस्तिका काढली. होतं. दोन्ही तारा शेजारून न्याव्यात, जादा तार गुंडाळून ठेवू नये. दोन ओळी. मी ते पान वाचलं होतं, समासात माझी खूणही होती. यादी करताना वाटलं असणार, अण्णांना तारा कशा न्यायच्या हे मी काय सांगणार. ते कलम मी घेतलंच नव्हतं. तीन आठवडे जी तपासायची यादी घेऊन आम्ही हिंडलो तिच्यातही वेटोळी नव्हती. कनेक्टर ही वस्तू होती, फ्यूज ही वस्तू होती. वेटोळं म्हणजे अण्णांच्या कामाचा नीटनेटकेपणा. तो कोण तपासतं?

खरं सांगायचं तर दुपारपर्यंत मी दुसराच बेत करत होते. अण्णांना शुक्रवारी उचगावच्या कामाला पाठवायचं, दुसऱ्या दोघांना घेऊन दूध संस्थेत जायचं, वेटोळी काढून टाकायची, आणि परत आल्यावर सांगायचं की कंपनीनं बेंगळुरूहून काहीतरी सेटिंग बदललं. कुणाचा कमीपणा नको. शुक्रवारच्या कामाच्या कागदावर मी 'अण्णा, उचगाव' असं लिहिलंसुद्धा. मग पुढची तीन कामं आठवली. अण्णा त्याही छपरांवर वेटोळी टांगणार. आणि त्यांना छपरावर ठेवायचं तर छपरावर काय चुकलं ते त्यांच्यापासून लपवून कसं चालेल? मी कागदावरचं उचगाव खोडलं.

शुक्रवारी सकाळचं दूध टाकीत गेल्यावर आम्ही दोघं तिथं पोचलो. आक्का दारातच होत्या. अण्णांना बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"म्याडम, मी काय सांगितलं हुतं तुमच्या दिराला?"

"ऐकलंय मी, आक्का. आजचा एक दिवस द्या. संध्याकाळी तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी छपराच्या जिन्याची किल्ली दिली, पण हातात नाही, कट्ट्यावर ठेवली.

वर गेल्यावर मी बोलायला सुरुवात केली. कसं सांगायचं ते गाडीत जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विस्कटलं. म्हटलं, "अण्णा, निरोप जात नाही तो तारेच्या वेटोळ्यांमुळं. ती..."

एवढंच मी बोलले. अण्णांनी मान वळवून पहिल्या वेटोळ्याकडं बघितलं. मग दुसऱ्याकडं. मग अँगलकडं. जवळ जाऊन त्यांनी वेटोळ्यावर हात ठेवला.

"चोक," ते म्हणाले.

"काय?"

"चोक की हो ह्यो. वेटोळं, आत लोखंड. ट्यूबलाइटचा चोक ह्योच असतोय. सरळ करंट जाऊ देतोय, हालता करंट धरून ठेवतोय. म्हनून तर भरायचा." ते पुढच्या वेटोळ्याकडं गेले. "सहा चोक टांगलेत मी. माझ्या हातानं. पंचवीस वर्सं चोक भरलं आन् चोक वळखला न्हाई."

इंजिनिअरनं जे अर्धा तास सांगितलं होतं ते त्यांना एका शब्दात कळलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं होतं. ते पॅनेलच्या सावलीत खाली बसले. मी पुस्तिकेचं पान काढून दाखवलं. त्या दोन ओळी वाचून दाखवल्या, मराठीत सांगितल्या.

"हे मी तुमच्या यादीत लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. तुम्ही यादीप्रमाणं केलंत."

त्यांनी पान हातात घेतलं, समासातली माझी खूण बघितली. "तुमची चूक कागदावरची, ताई. माझी हातातली." पान परत देत म्हणाले, "काल कळलं व्हय तुम्हास्नी?"

"काल सकाळी."

"मग कालच सांगायचं की. राती झोप तरी लागली असती." हे ते रागावून म्हणाले नाहीत.

पुढचं काम त्यांनी एकट्यानं केलं. मी मध्ये पडले नाही. खाली जाऊन त्यांनी इन्व्हर्टर बंद केला, स्विच पाडले, मीटरनं दोनदा तपासलं. पहिल्या माळेचं प्लसचं वेटोळं सोडलं. तार सरळ करून मायनसच्या शेजारी आणली, दोन्ही एकत्र बांधत खाली नेल्या. उरलेल्या तारेपाशी येऊन थांबले. कटर हातात होता. सतरा वर्षांत मी त्यांना चांगली तार कापताना बघितलं नव्हतं. त्यांनी अंगठ्यानं माप घेतलं, एकदा परत घेतलं आणि कापली. मग तिचा तुकडा खाली न टाकता गच्चीच्या कठड्यावर सरळ करून ठेवला. दुसरी तार कापताना माप एकदाच घेतलं.

"तिन्ही माळा करून घेऊ या का?" मी विचारलं.

"नगं. एकच करू. आन् मग कॉम्प्रेसर चालू करू. म्हंजी कळंल ह्येच हाय का दुसरं काय."

हे मला सुचायला हवं होतं. एक माळ नीट केलेली, दोन तशाच. आम्ही खाली आलो. आक्का मापाच्या खोलीत होत्या. त्यांना बोलावलं, त्यांच्याबरोबर आणखी चौघी-पाच जणी आल्या. अण्णांनी इन्व्हर्टर सुरू केला. तीसही चौकोन हिरवे झाले. मग त्यांनी आक्कांनाच सांगितलं, "आक्का, तुमीच दाबा बटन."

कॉम्प्रेसर गुरगुरला. मी मोबाइल सगळ्यांना दिसेल असा धरला. तिसऱ्या माळेतला एक चौकोन राखाडी झाला. दुसऱ्या माळेतले दोन. मग एकेक करत दोन्ही माळा विझल्या. वरचे दहा चौकोन हिरवेच. आम्ही दोन मिनिटं थांबलो, पाच थांबलो. कॉम्प्रेसर चालूच होता आणि दहा हिरवेच.

"ह्ये धा कसं काय जागं?" आक्कांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अण्णा पुढं झाले. "ह्ये धा मी आत्ता नीट केलं, आक्का. बाकीचं ईस माझ्या चुकीमुळं झोपत्यात. तारंचं वेटोळं टांगलं हुतं मी, त्यानं निरोप आडला. कंपनीची चूक न्हाय, तुमच्या कॉम्प्रेसरची न्हाय. माझी हाय."

मागं 'म्हातारं' म्हणणारी त्या बायकांतच होती, तिनं नजर दुसरीकडं वळवली. मी म्हटलं, "आक्का, यादी माझी होती. त्यात..."

"थांबा वो म्याडम," आक्का म्हणाल्या. त्या अण्णांकडं बघत होत्या. "तीन आठवडं जनरेटर लावला आमी."

"व्हय."

"मग आता बाकीचं ईस कवा नीट करनार?"

"दुपारपत्तर."

"करा मग. बघत काय हुबा ऱ्हायलाय?"

दुपारी तीनला तीसही चौकोन कॉम्प्रेसरसकट हिरवे होते. आक्कांनी स्वतः तीनदा कॉम्प्रेसर बंद-चालू करून बघितलं. मग चहा आला, सगळ्यांना. चहा पिता पिता त्यांनी माझ्याच समोर माझ्या दिराला फोन लावला. पलीकडून तो काय म्हणत होता ते ऐकू येत नव्हतं, आक्कांचं मात्र रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

"व्हय, चालू झालं. न्हाय, ती कोल्हापूरची पोरं नगंत. अवो, नवा मानूस आणला की त्यो पयल्यापासनं चुकायला लागनार. ह्येंचं चुकून झालंय. आता ह्येच येऊ देत म्हैन्याच्या म्हैन्याला."

फोन ठेवून त्या अण्णांना म्हणाल्या, "आन् तुमी हो अण्णा, पुन्यांदा काय टांगाय लागला तर आदी मला इचारा. मला बी चोक म्हंजी काय ते सांगा. जावला सांगायचंय."

अण्णा हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

परतताना गाडी मी चालवत होते. हमरस्त्याला लागल्यावर दिराचा फोन आला. कोल्हापूरवाल्यांना तूर्त नको म्हणून कळवतो, म्हणाला; पण पुढच्या कामांत असं काही निघता कामा नये, हेही म्हणाला. फोन स्पीकरवर होता. अण्णा समोर रस्त्याकडं बघत होते. संकेश्वर मागं पडलं. मग म्हणाले, "ताई, नव्या सामानाची आजून दोन छपरं केलीत आपन. काकतीच्या गिरणीचं आन् शहापूरच्या त्या दवाखान्याचं."

मला माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं. "तिथली काही तक्रार नाही, अण्णा. तारा लांबीला कमी आहेत, तिथं निरोप पोचतोय."

"आज पोचतोय. उद्या गिरणीवाल्यानं नवी मोटर घेतली तर?"

"दिराला कळलं तर तो काय म्हणेल ते आत्ताच ऐकलंत ना? अजून दोन ठिकाणी तेच केलंय म्हटलं तर..."

"कळू दे. मीच सांगतो त्येस्नी सोमवारी." त्यांनी खिशातून यादी काढली, उलटीसुलटी करून बघितली आणि परत ठेवली. "छपरावर चढायचं म्हटलं की माझ्या समद्या छपरांवर चढाय पायजे न्हवं? ज्या छपराचं भ्या वाटतंय तितं चढायचं न्हाय आन् नवं करायचं, आसं कसं?"

उन्हं उतरायला अजून अवकाश होता. काकतीपाशी मी हमरस्ता सोडून गाडी गावात घेतली.

गिरणीचा मालक मिरची कांडून देण्याच्या गडबडीत होता. आम्हाला बघून चकित झाला. "काय वो अण्णा, न बोलवता? आमचं तर झक्कास चाललंय की."

"चालतंय. पर येक काम माझं चुकलंय तितं," अण्णा म्हणाले. "आर्धा तास गिरण बंद ठेवाय लागंल. शिडी कुठाय?"

मालकानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो कुरकुरत, मिरचीच्या ठसक्यानं शिंकत, मागच्या अंगणात शिडी आणायला गेला. अण्णांनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या, कटर कमरेला अडकवला आणि शिडी यायची वाट बघत छपराकडं मान वर करून उभे राहिले.